पेटीतले जळके लाकूड

ग्रीक पुराणांतील राण्यांची आठवण निघाली म्हणजे हेलन, क्लायटेम्नेस्ट्रा, पेनेलोपी ही नावे प्रथम समोर येतात. अल्थियाचे नाव क्वचितच कोणी घेते. होमरच्या 'इलियड'मध्ये एका वृद्धाने सांगितलेल्या उपकथेपुरती ती येते आणि नाहीशी होते. तिच्या मुलाच्या कथेवर ग्रीक नाटककारांनी नाटके लिहिली, परंतु त्यांपैकी एकही आज अखंड उरलेले नाही. असे असूनही ही दुय्यम राणी गेली कित्येक वर्षे आमच्या मनात ठाण मांडून बसली आहे. त्याचे कारण थोडे घरगुती आहे; ते ओघाने पुढे येईलच. आधी तिची कथा सांगणे इष्ट.

अल्थिया ही थेस्टिअस राजाची कन्या. प्लुरॉन हे तिचे माहेर. हेलन आणि क्लायटेम्नेस्ट्रा यांची आई लीडा ही तिची सख्खी बहीण. म्हणजे ट्रॉयच्या युद्धास कारण झालेल्या आणि पतीचा वध करणाऱ्या त्या दोन्ही प्रख्यात स्त्रियांची ही मावशी. तिचा विवाह कॅलिडॉनचा राजा ओइनिअस याच्याशी झाला. पश्चिम ग्रीसमधील इटोलिया प्रांतात, पात्रासच्या आखाताच्या उत्तरेस ही दोन्ही नगरे होती. इंग्रज कवी बायरन 1824 साली ज्या मिसोलोंघी गावात मरण पावला, त्याच्याच परिसरात त्यांचे अवशेष आज पाहावयास मिळतात. सासर आणि माहेर यांच्यात फारसे अंतर नव्हते, ही गोष्ट कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दूरच्या माहेराची ओढ मनातल्या मनात राहते. जवळच्या माहेराचे हक्क आणि मानपान रोज दाराशी येऊन उभे राहतात.

मद्याची देवता डायोनिसस हिने द्राक्षवेल प्रथम ओइनिअसला दिली, असे ग्रीक मानीत. या दांपत्याच्या मुलांत मेलिएजर हा पराक्रमी पुत्र आणि डेआनिरा ही कन्या विशेष प्रसिद्ध. मेलिएजर सात दिवसांचा झाला तेव्हा तीन भाग्यदेवता बाळंतिणीच्या खोलीत आल्या आणि चुलीत जळणाऱ्या एका ओंडक्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, की हे लाकूड जळून संपेपर्यंतच या बाळाचे आयुष्य आहे. आपल्याकडे पाचवी-षष्ठीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत आहे. फरक इतकाच की सटवाईचे अक्षर कोणाला वाचता येत नाही. अल्थियाला मात्र तो लेख ऐकू आला. तिने धावत जाऊन लाकूड ओढले, विझवले आणि एका पेटीत जपून ठेवले. मूल वाढले, तरुण झाले, योद्धा झाले. पेटीतले लाकूड तसेच राहिले.

पुढे एका वर्षी ओइनिअसने सुगीचा पहिला वाटा सर्व देवांना अर्पण केला, पण आर्टेमिसचा विसर त्याला पडला. संतापलेल्या देवीने एक प्रचंड रानडुक्कर सोडले. त्याने शेते, द्राक्षमळे, गुरे, माणसे यांचा विध्वंस आरंभिला. मेलिएजरने ठिकठिकाणचे वीर शिकारीला बोलावले. त्यांत जेसन होता, थीसिअस होता, लीडेचे पुत्र कॅस्टर आणि पोलक्स होते, आणि अटलांटा नावाची एक कुमारिकाही होती. रानडुकराला पहिला बाण तिचा लागला. प्राण मात्र मेलिएजरने घेतला. रीतीप्रमाणे मिळालेले कातडे त्याने अटलांटाला दिले. पुरुष हजर असताना मान एका स्त्रीला मिळावा, हे त्याच्या मामांना रुचले नाही. भाच्याला कातडे नको असेल तर नात्याने ते आमचे, असे म्हणून त्यांनी ते तिच्याकडून हिसकावले. मेलिएजरने मामांना ठार केले आणि कातडे पुन्हा अटलांटाच्या हाती दिले.

मुलाच्या विजयाबद्दल देवांचे आभार मानण्यासाठी अल्थिया देवळाकडे निघाली होती. वाटेत तिला भावांची प्रेते येताना दिसली. मारणारा कोण, हे कळताच तिचे अश्रू आटले. घरी जाऊन तिने पेटी उघडली आणि अग्नी पेटवला. रोमन कवी ओव्हिड याने इ.स. 8 च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'मेटामॉर्फोसिस'च्या आठव्या भागात हा प्रसंग रंगवला आहे. चार वेळा तिने लाकूड आगीकडे नेले आणि चार वेळा हात मागे घेतला. तिच्यातील आई आणि तिच्यातील बहीण एकमेकींशी झगडत होत्या. अखेर तोंड फिरवून तिने ते आगीत टाकले. दूर असलेल्या मेलिएजरच्या अंगात आग भडकली आणि लाकडाबरोबर त्याचे आयुष्यही राख झाले. अल्थियाने स्वतःचाही अंत करून घेतला. भावासाठी आक्रोश करणाऱ्या बहिणींपैकी बहुतेकींना देवीने ठिपकेदार गिनी कोंबड्यांचे रूप दिले. या पक्ष्याच्या आणि टर्कीच्या शास्त्रीय नावांत मेलिएजरचे नाव आजही टिकून आहे.

ही कथा सर्वांनी सारखी सांगितलेली नाही, आणि हे भेदच विचार करण्यासारखे आहेत. होमरच्या कथेत लाकूडच नाही. तेथे भावाच्या मृत्यूने व्याकूळ झालेली अल्थिया गुडघे टेकून, जमिनीवर हात आपटीत, पाताळातील देवतांकडे मुलाचा मृत्यू मागते. रागावलेला मेलिएजर युद्ध सोडून पत्नीजवळ घरी बसतो. शत्रू नगराच्या वेशीपाशी येतो तेव्हा त्याची मनधरणी करणाऱ्यांत बाप आहे, बहिणी आहेत आणि शाप देणारी ती आईसुद्धा आहे. शाप दिल्यानंतरही तिला मुलापुढे हात जोडता येतात. शब्द कितीही कठोर असला तरी तो उच्चारल्यावर माणसामाणसांत पुन्हा बोलणे होऊ शकते. राख झालेल्या लाकडाशी मात्र बोलता येत नाही.

बॅकिलिडीस या कवीने इ.स.पू. 476 मध्ये सिराक्यूजच्या हायरॉनच्या ऑलिम्पिक विजयाप्रीत्यर्थ रचलेल्या गीतात मेलिएजरचा आत्माच ही हकीकत सांगतो. पाताळात उतरलेल्या हेराक्लीसला तो भेटतो. या कथनात मामा युद्धाच्या धुमश्चक्रीत नकळत मारले गेले आहेत. फेकलेल्या शस्त्राला आप्त आणि शत्रू ओळखता येत नाहीत. आईने याचा विचार केला नाही, एवढीच त्याची तक्रार. ते ऐकून हेराक्लीसच्या डोळ्यांत पाणी येते आणि तो विचारतो, तुझ्यासारखी एखादी अविवाहित बहीण घरी आहे काय? मेलिएजर डेआनिराचे नाव सांगतो. त्या विवाहाचा शेवट काय झाला, हे पुढे पाहू.

आता प्रश्न असा, की अल्थियाचे चुकले कोठे? ही कथा आम्ही अनेकांना सांगितली. जवळजवळ प्रत्येकाचे पहिले उद्गार एकच, 'आई असून तिने असे केले कसे?' या उद्गारामागची भावना आम्हांस समजते, पण तिला न्याय म्हणता येणार नाही. धृतराष्ट्राला आपण काय म्हणतो? मुलगा अन्याय करतो आहे हे दिसत असूनही, म्हणजे मनाला दिसत असूनही, त्याला आवरले नाही, म्हणून पुत्रमोहाचे उदाहरण म्हणून आपण त्याचे नाव घेतो. गांधारीचा आपण आदर करतो, कारण विजय मागायला आलेल्या मुलाला तिने विजयाचा आशीर्वाद दिला नाही. जिथे धर्म तिथे जय, एवढेच ती म्हणाली. म्हणजे आईबापांनी मुलाच्या अपराधावर पांघरूण घालू नये, हे आपल्याला मान्यच आहे.

आम्ही राहतो त्या इंदूरमध्ये अहिल्याबाईंविषयी एक दंतकथा सांगतात. पुत्र मालेराव याच्या रथाखाली वासरू सापडले, म्हणून त्यांनी त्याला मृत्युदंड फर्मावला, अशी ती कथा. इतिहासाचा तिला आधार नाही. मालेराव 1767 साली, गादीवर येऊन वर्षही झाले नसताना, आजाराने गेला. हीच कथा तमिळनाडूत मनुनीती चोळ राजाच्या नावावर सांगतात. म्हणजे ती फिरती कथा आहे. परंतु ती इंदूरच्या लोकांनी आपल्या पूज्य राणीच्या नावावर आवडीने जोडली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मुलाला दंड करणारी आई लोकांना वंद्य वाटते आणि अल्थिया निंद्य वाटते. दोघींचा हेतू वरवर एकच. जिवाच्या बदल्यात जीव. मग भेद कोठे आहे?

भेद एक असा सांगता येईल, की दंतकथेतील राणी परक्याच्या, तेही मुक्या जनावराच्या बाजूने न्याय करते. अल्थिया स्वतःच्या भावांच्या बाजूने. पहिलीत आपपर भाव गळून पडतो, दुसरीत एका आप्ताविरुद्ध दुसरा आप्त उभा राहतो. भावाची बाजू घेणे हे मात्र प्राचीनांना क्षुद्र वाटत नव्हते. हेरॉडोटसने इंताफर्निस नावाच्या इराणी सरदाराच्या पत्नीची हकीकत दिली आहे. दरायस राजाने तिचे सारे कुटुंब पकडले आणि एकाचा जीव वाचवण्याची मुभा तिला दिली. तिने पती नाही, पुत्र नाही, भाऊ मागितला. पती दुसरा मिळेल, मुले पुन्हा होतील. आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा होणार नाही, असे तिचे म्हणणे. सोफोक्लीसच्या अँटिगनीच्या तोंडीही हाच युक्तिवाद आहे. जर्मन कवी गटेला तो इतका खटकला, की तो भाग प्रक्षिप्त ठरावा अशी इच्छा त्याने 1827 साली बोलून दाखवली. पण आपल्याच जातककथांत, उच्छंग जातकात, कोसलच्या राजापुढे एक खेडवळ स्त्री नेमके हेच म्हणते. पुत्र तिच्या ओटीत आहे, पती वाटेवर भेटेल, भाऊ मात्र कोठून आणणार? हा विचार ग्रीसपासून गंगेच्या खोऱ्यापर्यंत स्त्रियांच्या तोंडी घातला गेला, तेव्हा त्यात काही तथ्य लोकांना जाणवले असलेच पाहिजे.

तथापि या स्त्रियांच्या आणि अल्थियाच्या निवडीत एक मूलभूत फरक आहे. इंताफर्निसच्या पत्नीला कोणास वाचवावे हे ठरवायचे होते. जातकातील स्त्रीचेही तेच. भाऊ दुर्मिळ आहे, म्हणून तो वाचवावा, हा युक्तिवाद तेथे लागू पडतो. अल्थियाचे भाऊ मेलेले होते. लाकूड जाळल्याने ते परत येणार नव्हते. भाऊ पुन्हा मिळत नाही, हे वाक्य जिवंत भावाला वाचवण्याचे कारण होऊ शकते. मेलेल्या भावासाठी मुलाला मारण्याचे कारण होऊ शकत नाही. तिच्यापाशी निवड करायला दोन जीव नव्हतेच, एकच होता.

ओव्हिडच्या अल्थियाने आणखी एक युक्तिवाद केला आहे, आणि आमच्या मते कथेचे मर्म तेथे आहे. ती मुलाला मनोमन म्हणते, की तुझे आयुष्य मी दोनदा दिले. एकदा जन्म देताना आणि एकदा लाकूड आगीतून ओढताना. ते आता परत कर. हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, आणि आपल्या घराघरांत तो सौम्य रूपाने रोज ऐकू येतो. 'तुझ्यासाठी काय नाही केले?' हे वाक्य न ऐकलेला मुलगा आणि न उच्चारलेली आई विरळाच. परंतु दिलेली वस्तू परत मागता येत असेल, तर ती दिली असे म्हणता येत नाही. ती उसनी म्हणावी लागेल. आयुष्य उसने देता येते काय? घेणाऱ्याने ते मागितले नव्हते, अटी मान्य केल्या नव्हत्या. लाकूड विझवले त्या क्षणी अल्थियाला एक अधिकार मिळाला नाही, एक जबाबदारी मिळाली. ते लाकूड तिच्याजवळ होते, तिचे नव्हते.

नोकरीच्या उमेदीच्या काळात आम्ही मध्य प्रदेश शासनाच्या एका जिल्हा कोषागारात होतो. तेथील तिजोरीच्या खोलीला 'डबल लॉक' असते. दोन कुलपे, दोन किल्ल्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांजवळ. एकट्याने कोणालाही ती उघडता येत नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो. नवखेपणी आम्हांस हा अविश्वास वाटे. पुढे कळले, की ही व्यवस्था चोरासाठी नसून भल्या माणसासाठी आहे. भल्या माणसाच्या आयुष्यातही एखादी काळरात्र येते. त्या रात्री किल्ली एकट्याच्या हाती नसावी. अल्थियाच्या पेटीला एकच कुलूप होते. ती त्या प्रकरणात फिर्यादी होती, साक्षीदार होती, न्यायाधीश होती आणि दंड अमलात आणणारीही होती. स्वतःच्या खटल्यात स्वतः न्याय करू नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व. मेलिएजर निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. एका कातड्यासाठी मामांवर शस्त्र उगारणारा तरुण दंडास पात्रच होता. परंतु मुलाला समोर बोलावून, तू हे का केलेस, असे कोणी विचारले नाही. बॅकिलिडीसच्या कथनातील 'नकळत' हा शब्द अल्थियापर्यंत पोहोचण्याआधीच लाकूड जळून गेले होते.

येथे ओइनिअसविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणसंग्रहात एकाच वाक्यात येते, की याच राजाने आपला एक मुलगा खंदकावरून उडी मारून गेला म्हणून स्वहस्ते मारला. खंदकावरून उडी! त्याबद्दल कोणी काव्य रचले नाही, कोणी त्याला पुत्रघातकी म्हणून स्मरले नाही. अल्थिया गेल्यावर त्याने पेरिबिआ हिच्याशी दुसरा विवाह केला आणि ट्रॉयच्या युद्धातील डायोमिडीस हा त्या शाखेतील नातू. देवीचा वाटा विसरण्याची मूळ चूकही त्याचीच. म्हणजे एकाच घरात बापाने मुलाला मारले आणि आईने मुलाला मारले. पहिले कृत्य राजाच्या नावाखालची एक नोंद झाले, दुसरे तीन हजार वर्षे उदाहरण म्हणून सांगितले गेले. एस्किलसने इ.स.पू. 458 मधील नाटकात दुष्ट स्त्रियांची नावे घेताना थेस्टिअसच्या या कन्येचे नाव घेतले आहे. अल्थियाला दोषमुक्त करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. मोजमाप करताना तराजू एकच असावा, एवढेच म्हणणे आहे.

आणि ती डेआनिरा? तिचा विवाह हेराक्लीसशी झाला. मरणाऱ्या नेसस या नराश्वाने, आपले रक्त जपून ठेव, पतीचे मन फिरले तर उपयोगी पडेल, असे तिला सांगितले होते. तिने ते वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवले. पतीने दुसरी स्त्री घरी आणली तेव्हा तिने ते वस्त्राला लावून त्याच्याकडे पाठवले. ते विष होते. हेराक्लीस त्या दाहाने मेला आणि डेआनिराने जीव दिला. आईने जाणून मारले, मुलीने न जाणता. पण दोघींच्याही घरात, दोघींच्याच ताब्यात, जवळच्या माणसाचे मरण बंद करून ठेवलेले होते, आणि त्याविषयी दुसऱ्या कोणास काही ठाऊक नव्हते. हे साम्य आम्हांस कथाकारांच्या चमत्कारांपेक्षा अधिक भयावह वाटते.

आता आमची घरगुती गोष्ट. वडिलांनी 1966 साली इंदुरात घर बांधले. पैसे कमी पडले तेव्हा ग्वाल्हेरच्या मामांनी चार हजार रुपये दिले. वडिलांनी रसिदी तिकीट लावून स्वहस्ताने कागद लिहून दिला. मामांनी तो आमच्या आईच्याच हाती ठेवला. 'ताई, तुझ्यापाशी असला म्हणजे माझ्यापाशीच आहे,' असे ते म्हणाले, असे आई पुढे कधीतरी सांगे. वडील 1973 साली गेले. मुलीचे लग्न ठरल्यावर, 1979 साली, मामा आले आणि त्यांनी दादांजवळ गोष्ट काढली. दादा म्हणाले, 'असे काही देणे असते तर बाबा बोलले असते. कागद असेल तर दाखवा.' मामांनी आईकडे पाहिले. आई खाली पाहत राहिली. घर दादांच्या पगारावर चालत होते, वहिनी नुकत्याच घरात आल्या होत्या, बैठकीत चार नातेवाईक होते. मामा उठले. समोरचा चहा तसाच राहिला.

कायद्याने तो कागद केव्हाच मुदतबाह्य झाला होता. उसन्या रकमेला तीन वर्षांची मुदत, हे आम्ही पुढे नोकरीत शिकलो. पण मामा त्या दिवशी पैशांसाठी उठून गेले नव्हते. चार माणसांसमोर ते खोटे ठरले होते. त्यानंतर ते घरी आले नाहीत. भाऊबिजेला आई अंगणात जाऊन चंद्राला ओवाळी. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका असे करतात. आईला भाऊ होता. मामा 1991 साली वारले. 1996 साली आई गेली. तेराव्यानंतर तिची ट्रंक उघडली तेव्हा, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत, तो कागद जसाच्या तसा मिळाला.

अल्थियाने लाकूड जाळून मुलाला संपवले. आमच्या आईने कागद न काढून मुलाला सांभाळले आणि भावाला गमावले. एकीने बहीण होऊन निर्णय केला, दुसरीने आई होऊन. आई तो कागद फाडून टाकू शकली असती. सतरा वर्षे ट्रंक तिच्या उशाशी होती. तिने फाडला नाही, दाखवलाही नाही. याला दुबळेपणा म्हणावे की निष्ठा, याचा निर्णय आम्हांस अजून करता आलेला नाही. दोन्ही असेल. तिला दोष देण्याचा अधिकार निदान आम्हांस नाही. कारण तो कागद 1979 च्या दोन वर्षे आधी, ट्रंकेतून काही आणावयास सांगितले असता, आम्ही पाहिला होता, वाचला होता. त्या बैठकीत आम्ही दाराशी उभे होतो. वय वीस-एकवीस. थोरल्या भावासमोर बोलण्याची रीत नव्हती, हे खरे. पण दुसरी किल्ली आमच्यापाशी होती, हेही तितकेच खरे. पुढे अडतीस वर्षे आम्ही लोकांच्या कागदांवर खरे-खोटे ठरवून सह्या केल्या.

आई गेली त्याच वर्षी आम्ही कागद आणि व्याजासह रक्कम घेऊन ग्वाल्हेरला गेलो. मामेभावाने कागद दोनदा वाचला. रकमेच्या पाकिटाला त्याने हात लावला नाही. 'पैसे राहू द्या,' तो म्हणाला, 'हा मात्र आमच्याकडे राहू द्या. आईला दाखवायचा आहे.' आत मामी होत्या. त्यांना चष्म्यावाचून वाचता येत नव्हते. त्यांनी कागदावरून नुसता हात फिरवला आणि विचारले, 'ताईंनी जपून ठेवला होता?' आम्ही हो म्हटले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चहा ठेवायला उठल्या.

अल्थिया हे एका औषधी वनस्पतीचेही नाव आहे. यूनानी वैद्य तिला खत्मी म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा संबंध बरे करण्याच्या अर्थाशी लावतात. राणीचे नाव आणि तिची करणी यांतील हा विरोध आम्हांस पूर्वी केवळ गमतीचा वाटे. आता वाटते, की ती पेटी तिने एखाद्या दिवशी, सारे हयात असताना, नवऱ्यासमोर, भावांसमोर आणि मुलासमोर उघडली असती, हे तुझे आहे असे मुलाला सांगितले असते, तर कदाचित तिचे नाव सार्थ झाले असते. आमच्या घरी तो दिवस 1979 साली येऊन गेला. आम्ही दाराशी उभे होतो.